मांजरजन्य ॲलर्जीकारक
मांजराच्या सहवासाने काहींना शिंका येतात, डोळे चुरचुरतात किंवा दमा उसळतो, त्याचे मुख्य कारण केस नसून ‘फेल डी १’ हे प्रथिन होय. त्वचेतील स्नेहग्रंथी व लाळग्रंथी यांत ते तयार होते, मांजर अंग चाटते तेव्हा केसांवर पसरते आणि कोंड्याबरोबर, म्हणजे त्वचेच्या गळणाऱ्या सूक्ष्म पापुद्र्यांबरोबर, गाद्या, गालिचे व सोफ्यांच्या धुळीत साचते. त्याचे ५ मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण हवेत दीर्घकाळ तरंगतात. कपड्यांना चिकटून ते शाळांत आणि मांजर नसलेल्या घरांतही पोहोचते; म्हणून घरात मांजर नाही एवढ्यावरून ही ॲलर्जी नाकारणे चूक आहे. मांजर हलविल्यावरही धुळीतील प्रमाण उतरण्यास बहुधा ४ ते ६ महिने लागतात.