जावाची काजळी

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून जावा मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. 1973 नंतर त्याच गाड्या ‘येझदी’ झाल्या. इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे पिस्टनच्या माथ्यावर आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये काजळी साचायची. गाडी चढावर दम टाकू लागली, की अंगणात गोणपाट अंथरलं जाई.

टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून घरच्या घरी हात घालणं सोपं. आधी हेडचे नट थोडे थोडे, आलटूनपालटून सैल करायचे. मग हेड आणि सिलिंडर अलगद वर. लगेच क्रॅंककेसच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबायची, कारण पिस्टन जोडणाऱ्या गजन पिनची सर्कलिप (पिन अडवणारी बारीक कडी) आत पडली तर सगळंच इंजिन उघडावं लागे. अॅल्युमिनियमवर ओरखडे नकोत, म्हणून काजळी लाकडाच्या चिपाटाने खरवडायची. परत जोडताना रिंगची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या बारीक खुंटीवरच बसवायची. नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटे.

पुढे 1985 मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीकडे गिऱ्हाईक वळलं. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. जावा हे नाव 2018 मध्ये परतलं खरं, पण फोर-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड इंजिन घेऊन.