‘वाजवी सबब’ : शस्त्र, भीती आणि ब्रिटिश कायदा

सशस्त्र हिंडण्यास इंग्लंडात १३२८ च्या नॉर्दॅम्प्टन अधिनियमानेच मनाई केली होती. तथापि आधुनिक विचाराचा पाया १९५३ च्या गुन्हेप्रतिबंधक कायद्याने घातला. सार्वजनिक जागी घातक शस्त्र जवळ बाळगणे त्याने गुन्हा ठरविले. कायदेशीर अधिकार किंवा ‘वाजवी सबब’ एवढाच अपवाद ठेविला, आणि तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला.

सबब कोणती वाजवी, हे मात्र न्यायालयांना ठरवावे लागले. एडिंबरोच्या एका टॅक्सीचालकाने रात्रीच्या उतारूंच्या भयास्तव टोकाला धातू बसविलेली रबरी नळी गाडीत ठेविली होती. १९६७ साली स्कॉटलंडच्या न्यायालयाने त्याची सबब अमान्य केली. उलट, आठवड्यापूर्वीच हल्ला झालेल्या एका मनुष्याजवळील धातूची कांब १९७२ साली इंग्लंडात क्षम्य ठरली. भीती दोघांचीही खरी होती; परंतु पहिली व्यवसायाला नित्य चिकटलेली, तर दुसरी विशिष्ट व नजीकच्या धोक्यातून उपजलेली होती.

१९८८ च्या कायद्याने धारदार हत्यारांसाठी स्वतंत्र गुन्हा निर्माण करताना ‘सबब’ न म्हणता ‘सयुक्तिक कारण’ म्हटले, आणि काम, धर्म व राष्ट्रीय पोशाख यांचा स्पष्ट निर्देश केला. शिखांच्या कृपाणाला त्यात आधार मिळाला. हा शब्दभेद अर्थपूर्ण होय. सबब क्षमा मागते. कारण कृतीचे समर्थन करते.

सर्वसाधारण भीती ग्राह्य धरल्यास बंदीच निरर्थक होईल, म्हणून भीतीला स्थळकाळाची साक्ष द्यावी लागते. ज्याचा धोका रोजचाच आहे, त्याचा प्रश्न मात्र या तत्त्वाने सुटत नाही.