वेल्डिंगच्या ज्योतीची कुळकथा

पोलाद पाण्यासारखं वितळवणारी ही ज्योत अ‍ॅल्युमिनियमच्या नादात सापडली. १८९२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, स्प्रे या गावी, थॉमस विल्सन स्वस्त अ‍ॅल्युमिनियम काढायच्या खटपटीत होता. त्यासाठी त्याला कॅल्शियम धातू हवा होता, म्हणून त्याने चुना आणि डांबर विजेच्या भट्टीत घातलं. निघाला तो एक ठिसूळ, काळपट खडा. पाण्यात टाकल्यावर त्यातून वायू फसफसला आणि पेटवताच भरपूर काजळी धरू लागला. कॅल्शियम असतं तर हायड्रोजन निघाला असता, आणि हायड्रोजन काजळी धरत नाही.

तो खडा म्हणजे कॅल्शियम कार्बाइड आणि वायू म्हणजे असिटिलीन. असिटिलीन एडमंड डेव्हीला १८३६ मध्येच सापडलं होतं. कार्बाइडपासून ते निघतं हे वोलरने १८६२ मध्ये दाखवलं होतं. विल्सनमुळे ते ढिगाने तयार होऊ लागलं आणि आधी दिव्यांत गेलं.

१८९५ मध्ये फ्रान्सच्या आंरी ल शातलिए यांनी असिटिलीन आणि ऑक्सिजन सारख्या मापाने मिसळून जाळलं. ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर गेली! तोवरची कुठलीच ज्योत इतकी तापली नव्हती.

इथे खरी गंमत आहे. किलोमागे हायड्रोजन सुमारे १२० मेगाज्यूल उष्णता देतो, असिटिलीन जेमतेम ४८. तरी शुद्ध ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनची ज्योत २८०० अंशांच्या आसपास अडते. इंधन किलोमागे किती उष्णता देतं एवढ्यावरच ज्योतीचं तापमान ठरत नाही. ती उष्णता कोणाकोणात वाटली जाते यावरही ठरतं. हायड्रोजन जळून नुसती वाफ होते. वाफ पुष्कळ उष्णता पिते आणि फार तापली की स्वतःच फुटू लागते. त्या फुटण्यात पुन्हा उष्णता खर्च होते. असिटिलीनच्या ज्योतीच्या आतल्या शंकूत मात्र मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. कार्बन मोनॉक्साइड अशा तापातही सहजी फुटत नाही. शिवाय असिटिलीनच्या तिहेरी बंधाचा रेणू मुळातच ऊर्जा दाबून बसलेला असतो. जळताना तीही मोकळी होते.

हवेत जाळलं की हिशेब आणखी बिघडतो. हवेचे जवळजवळ चार पंचमांश म्हणजे नायट्रोजन. तो न जळता फुकट्या पाहुण्यासारखा उष्णता घेऊन जातो. म्हणून प्रोपेन हवेत, कणभर उष्णता वाया न जाता जळला, तरी २००० अंशांच्या घरातच राहतो. शुद्ध ऑक्सिजन दिला की तोच २८०० गाठतो.

पुढे फ्रान्समध्येच एदमों फूशे आणि शार्ल पिकार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वापरण्याजोगा ऑक्सिजन-असिटिलीन टॉर्च बनवला. अडचण साठवणीची होती, कारण दाबाखाली असिटिलीन ऑक्सिजनशिवायही फुटतं. रेणूत कोंडलेली ती ऊर्जाच उलटते. तोड निघाली ती अशी: सिलिंडरभर सच्छिद्र पदार्थ, त्यात असिटोन आणि असिटोनमध्ये विरघळवलेलं असिटिलीन. आजचा सिलिंडर तसाच असतो. वर्कशॉपवाल्यांनो, तो कायम उभाच ठेवा. आडवा करून वापरला तर गॅसबरोबर असिटोनही टॉर्चकडे ओढलं जातं.