कोळसा बंद झाल्यावर कामगारांचं काय? जर्मनीतल्या लाउझित्सची गोष्ट

कोळशाच्या खाणी बंद करून सौर आणि पवन ऊर्जेकडे वळायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या भागाचं पोटच कोळशावर चालतं, तिथे काय होतं? पूर्व जर्मनीतला लाउझित्स हा प्रदेश सध्या याच बदलातून जातोय.

लाउझित्स कुठे आहे?

पोलंडच्या सीमेलगत, ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनी या दोन राज्यांत. इथे लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा, उघड्या खाणींतून काढला जातो. या खाणींसाठी १३० हून अधिक गावं पूर्णपणे किंवा अंशतः उठवली गेली. त्यांतली अनेक गावं सोर्ब या स्लाव्ह अल्पसंख्याक समाजाची होती.

लोकांना बदलाची धास्ती का वाटते?

कारण एकदा हात पोळलेत. १९८९ मध्ये इथल्या लिग्नाइट उद्योगात जवळपास ८० हजार लोक काम करत होते. १९९० मध्ये जर्मनीचं एकीकरण झालं आणि दहाच वर्षांत ही संख्या १० हजारांच्या खाली आली. पर्यायी काम नसल्यामुळे तरुण मंडळी गाव सोडून गेली.

या वेळी वेगळं काय?

२०२० च्या कायद्यानुसार जर्मनीत कोळशावरची वीज उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद होणार आहे. कोळसा प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद आहे. त्यातले सुमारे १७ अब्ज लाउझित्सच्या वाट्याचे. वयाची ५८ वर्षं पूर्ण केलेल्या आणि नोकरी गेलेल्या कोळसा कामगारांना निवृत्तीवेतन सुरू होईपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं, सरकारी भत्ता मिळतो.

नव्या नोकऱ्या कुठे आहेत?

खाणी चालवणाऱ्या लेआग कंपनीने २०३० पर्यंत ७ गिगावॅट सौर आणि पवन ऊर्जेचं लक्ष्य ठेवलं होतं. पण खरी मेख इथेच आहे. सौर प्रकल्प उभारताना भरपूर हात लागतात, नंतर तो चालवायला मोजकीच माणसं पुरतात. त्यामुळे निव्वळ पॅनल लावून खाणीतल्या सगळ्या नोकऱ्या भरून निघत नाहीत.

म्हणून इतर उद्योगही आणले जात आहेत. कॉटबुस शहरात जर्मन रेल्वेचा वेगवान गाड्यांच्या दुरुस्तीचा नवा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तिथे सुमारे १,२०० नोकऱ्यांचं उद्दिष्ट आहे. इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक यांचं कौशल्य तिथे थेट कामी येतं. त्याच वर्षी शहराच्या रुग्णालयाचं रूपांतर वैद्यकीय विद्यापीठात झालं.

अडचणी संपल्या का?

नाही. खाणीतून उपसलेलं पाणी वर्षानुवर्षं श्प्रे नदीत सोडलं जातं. उपसा थांबला की नदीचं पाणी घटेल, आणि बर्लिनच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग याच नदीवर अवलंबून आहे. राजकीय नाराजीही आहे. कोळसाबंदीला विरोध करणारा एएफडी पक्ष २०२४ मध्ये दोन्ही राज्यांच्या निवडणुकांत दुसऱ्या क्रमांकावर राहिला.

यातून काय घ्यायचं?

क्रम महत्त्वाचा. नवं काम आधी उभं राहायला हवं, खाण नंतर बंद व्हायला हवी. चंद्रपूरसारख्या आपल्या कोळसा जिल्ह्यांतही उद्या हाच प्रश्न येणार आहे. त्याची तयारी खाणी सुरू असतानाच करावी लागेल.