काचपेटीतील पंक्तिप्रपंच

घरच्या काचपेटीत मासे पाळणाऱ्याच्या हातून घडणारा सर्वांत मोठा अपराध बहुधा दयेपोटी घडतो. मासे काचेजवळ येऊन तोंडे हलवू लागले की ते भुकेले आहेत असे वाटते आणि खाद्याची आणखी एक चिमूट पाण्यात पडते. काही दिवसांनी पाणी गढुळते, आणि एके सकाळी मासे पोट वर करून तरंगताना आढळतात. घरगुती मत्स्यालयाचा इतिहास म्हणजे बहुतांशी ही चूक समजून घेण्याचा इतिहास होय.

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे एका प्रयोगाची हकीकत मांडली. काचेच्या मोठ्या पात्रात त्यांनी सोनमासे सोडले व व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवील, ही अपेक्षा खरी ठरली. परंतु तिची जुनी पाने कुजून पाणी नासू लागले. तेव्हा वॉरिंग्टन यांनी तळ्यातील गोगलगायी आणून त्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, आणि त्यांची अंडी व पिले माशांच्या मुखी पडली. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न, अशी व्यवस्था त्या पात्रात सिद्ध झाली.

इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला होता व काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दिवाणखान्यांतून काचपेट्यांची लाट उसळली. ती फार काळ टिकली नाही. पाणी नासे आणि जीव मरत. वॉरिंग्टन यांचा समतोल किती नाजूक आहे, याची जाणीव अजून लोकांना झालेली नव्हती.

त्या समतोलातील अदृश्य दुवा उकलण्यात त्यांच्याच पुत्राचा वाटा होता. पित्याचेच नाव धारण करणारे हे धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात शेतजमिनीचा अभ्यास करीत. अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट होते आणि हे कार्य सूक्ष्मजंतूंकडून दोन टप्प्यांत घडते, असे त्यांनी दाखविले. पुढे १८९० च्या सुमारास सर्जी विनोग्राड्स्की यांनी ते जंतू वेगळे काढले. काचपेटीतही हेच घडते. माशांचा मळ व न खाल्लेले अन्न यांपासून अमोनिया निर्माण होतो. जंतूंना झेपेल त्याहून तो अधिक झाला की माशांना विष ठरतो. दयेची ती जादा चिमूट मारक होते ती यामुळे.

येथे दुसराही प्रश्न उभा राहतो. एका पाण्यात राहणाऱ्या सर्व माशांचे जेवण एक नसते. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत उल्रिख बेन्श यांनी पापुद्र्यांच्या रूपातील तयार खाद्य बाजारात आणले, आणि डासांच्या अळ्या वा पाणपिसवा गोळा करण्याचा खटाटोप वाचला. मात्र हे पापुद्रे प्रथम पृष्ठावर तरंगतात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात वर्णिलेला आपल्याकडील झेब्रा मासा चपळ. तो वरचे वर घास उचलतो. तळ चाचपणाऱ्या मिशीवाल्या कोरिडोरास माशापर्यंत बहुधा काहीच पोहोचत नाही. तो उपाशी दिसतो म्हणून मालक आणखी पापुद्रे टाकतो; झेब्रा फुगतो, पाणी नासते, आणि तळचा मासा उपाशीच राहतो. आपल्या पंगतीत याला पंक्तिप्रपंच म्हणतात.

जाणता वाढपी मात्र पानापानाकडे पाहून वाढतो. माशाचे तोंडच त्याची जागा सांगते: वर वळलेले तोंड पृष्ठावरचे, समोरचे मधल्या थराचे, खाली वळलेले तळाचे. वरच्यांना दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच पापुद्रे द्यावेत. तळच्यांसाठी बुडणारी गोळी टाकावी. निशाचरांना दिवा मालवल्यानंतर वाढावे. उरलेले अन्न त्याच दिवशी काढून टाकावे. माशांचे रक्त शीत असल्याने त्यांना थोडेच अन्न पुरते. निरोगी, वाढलेला मासा एखाद्या दिवसाच्या उपवासाने मरत नाही.

‘अ‍ॅक्वेरियम’ या लॅटिन शब्दाचा एक अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. पाणवठ्यावर दांडगे जनावर पुढे घुसते आणि दुबळे मागे राहते, हे गुराखी जाणतो. म्हणून तो काठी घेऊन जवळ उभा राहतो. काचपेटीच्या धन्याने खाद्य टाकून लगेच पाठ फिरवू नये. कोणाच्या तोंडी घास पडला आणि कोणाच्या नाही, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.