धर्मग्राम, कॅथलिक

रोमन कॅथलिक चर्चच्या संघटनेतील स्थानिक पातळीवरील मूलभूत घटक. सामान्यतः निश्चित सीमेत राहणारा भाविकांचा समुदाय, त्याचे चर्च आणि त्या समुदायाच्या आध्यात्मिक पालनासाठी बिशपने नेमलेला प्रमुख धर्मगुरू, या तिहींचा मिळून धर्मग्राम होतो. ‘पॅरिश’ या संज्ञेसाठी वसई भागातील मराठी भाषक कॅथलिकांत ‘धर्मग्राम’ हा शब्द रूढ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पारोइकिया’ याचा अर्थ परक्या भूमीतील वास्तव्य असा असून, इहलोकी आपण केवळ प्रवासी आहोत, ही आद्य ख्रिस्ती समुदायांची भावना त्यात व्यक्त होते. पुढे मात्र या शब्दाला जवळजवळ उलट, म्हणजे एका जागी स्थिरावलेल्या वस्तीचा अर्थ प्राप्त झाला.

स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा व विवाह हे कॅथलिक चर्चचे सात संस्कार होत. पीटर लाँबर्ड याने बाराव्या शतकात ही संख्या मांडली. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्ये व ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली. संस्कार ही केवळ मनात करावयाची प्रार्थना नव्हे. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हस्तस्थापन व उच्चारलेले शब्द यांतून ते घडतात. म्हणून ते देणारा व घेणारा समोरासमोर असावे लागतात. प्राणसंकटात कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो. तथापि पापनिवेदन ऐकून क्षमा देणे व मरणोन्मुख रुग्णास तैलाभ्यंग करणे या गोष्टी धर्मगुरूवाचून होत नाहीत. धर्मगुरू एका दिवसाच्या वाटेवर असेल, तर रुग्ण संस्कारावाचून जाण्याचा संभव असतो. धर्मग्रामाचा इतिहास हा मुख्यतः हे अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. ज्या गोष्टीकडे चर्चने प्रारंभी मुख्यतः भाविकाचे कर्तव्य म्हणून पाहिले, ती पुढे भाविकाचा हक्क म्हणूनही कशी मान्य झाली, हेही त्यावरून दिसून येते.

पहिल्या काही शतकांत संस्कार देणे हे नगरातील बिशपचे काम होते. चौथ्या शतकानंतर ख्रिस्ती धर्म खेड्यापाड्यांत पसरला, तेव्हा बिशपच्या वतीने काम करणारे धर्मगुरू तेथे राहू लागले. मध्ययुगात अनेक चर्चे जमीनदारांनी स्वतःच्या जमिनीवर बांधली आणि धर्मगुरूची नेमणूकही तेच करू लागले. शार्लमेनच्या ७७९ च्या फर्मानाने उत्पन्नाचा दशमांश चर्चला देणे सक्तीचे केले. त्यामुळे धर्मग्राम ही उत्पन्नाची बाब झाली. पद धारण करणारा दूर राहून उत्पन्न घेई व प्रत्यक्ष काम अल्प वेतनावरील प्रतिनिधीवर सोपवी, असे प्रकार सर्रास घडू लागले.

लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने १२१५ मध्ये असा नियम केला, की जाणत्या वयाच्या प्रत्येक भाविकाने वर्षातून निदान एकदा ‘आपल्या’ धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे आणि ईस्टरच्या काळात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. नियम मोडणाऱ्यास चर्चप्रवेश व मृत्यूनंतर ख्रिस्ती दफन यांस मुकावे लागे. याच नियमात पापनिवेदनाची गुप्तता फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून मठात आजन्म प्रायश्चित्तासाठी ठेवावे, असेही सांगितले आहे. भाविकावर घातलेल्या बंधनाबरोबरच त्याच्या विश्वासाचे रक्षणही येथे आढळते. प्रत्येकास एक ठराविक धर्मगुरू असतो, ही कल्पना या नियमाने दृढ झाली.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) या कल्पनेस व्यवस्थेचे रूप दिले. धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामातच राहावे, धर्मग्रामांच्या सीमा स्पष्ट असाव्यात आणि धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांतात गुरुप्रशिक्षणालय असावे, असे तिने ठरविले. गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी १५६३ च्या विवाहविषयक हुकुमाने धर्मगुरू व दोन किंवा तीन साक्षीदार यांच्या उपस्थितीवाचून झालेला विवाह अवैध मानला. लॅटिन परंपरेनुसार विवाहसंस्काराचे कर्ते वधूवरच होत. धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी असतो. तथापि एकाच स्त्रीस वा पुरुषास गुप्त वचन देऊन नंतर ते नाकारण्याच्या प्रकारांमुळे ही साक्ष आवश्यक ठरली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ (१५३८–८४) यांनी हे निर्णय काटेकोरपणे अंमलात आणले. १५७६–७७ च्या प्लेगमध्ये ते शहर न सोडता रुग्णांत वावरले.

पोप पाचवे पॉल यांच्या काळात १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घरोघरच्या भाविकांची स्थिती अशा पाच नोंदवह्या ठेवण्यास सांगितले. शेवटच्या वहीसाठी धर्मगुरूस प्रत्येक घराची माहिती ठेवावी लागे. अशा वह्या हे पाळकीय सेवेचे साधन होते, तसेच देखरेखीचेही. फ्रान्समध्ये फ्लरी व आंरी यांनी १९५६ मध्ये याच नोंदींवरून कुटुंबांची पुनर्रचना करण्याची पद्धत मांडली व ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला.

ही व्यवस्था पोर्तुगीज सत्तेबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. येथे धर्मगुरू भाविकाजवळ राहत असला, तरी भाषेचे अंतर उरे. पापनिवेदन दुभाष्यामार्फत करणे हे संस्काराच्या एकांतास बाधक असल्याने लोकभाषा शिकणे ही धर्मगुरूची गरज होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू टॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत दीर्घकाळ सेवा केली. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांची कोकणी धर्मशिक्षणपुस्तिका १६२२ मध्ये व कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. परंतु त्याच प्रदेशात धर्मन्यायपीठ (१५६०–१८१२; मध्यंतरी १७७४–७८ मध्ये बंद) कार्यरत होते आणि १६८४ च्या राजाज्ञेने कोकणीऐवजी पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. धर्मग्राम हा अशा प्रकारे सांत्वनाचे स्थान व राज्यसत्तेचे अंग असा दोन्ही होता.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. युरोपीय संन्यासी संघांचे धर्मगुरू निघून गेले. पण एतद्देशीय धर्मगुरूंनी धर्मग्राम टिकवून धरले. राज्याश्रय गेल्यावरही भाविक टिकले, ही बाब या संस्थेच्या स्थानिक बळाची साक्ष होय. मुंबई बेटावर वेगळाच प्रश्न उद्‍भवला. १७२० मध्ये इंग्रजांनी फ्रान्सिस्कनांना काढून रोमने नेमलेल्या कार्मेलाइट धर्माधिकाऱ्यांकडे चर्चे सोपविली. पोर्तुगीज आश्रय मानणारे व रोमच्या धर्मप्रसार विभागाचे आज्ञांकित असे दोन पक्ष पडले आणि ‘आपला धर्मगुरू कोणता?’ हाच वाद झाला. १८८६ च्या करारानंतरही मुंबईत दुहेरी अधिकार राहिला. १९२८ च्या करारानंतर तो संपुष्टात आला. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला.

विसाव्या शतकात दृष्टिकोन पालटला. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये सु. सात वर्षांच्या मुलांना ख्रिस्तप्रसाद खुला केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) उपासनाविषयक दस्तऐवजाने १९६३ मध्ये लोकभाषेच्या वापरास वाट करून दिली. त्यामुळे मिस्सा मराठीत होऊ लागली. ‘अंत्याभ्यंग’ म्हणून ओळखला जाणारा संस्कार केवळ अंतसमयीचा नसून गंभीर आजारी व वृद्धांसाठी आहे, हे १९७२ च्या नव्या विधीने स्पष्ट केले. धर्मगुरूच्या आगमनाने रुग्णास आशेऐवजी मृत्यूची चाहूल लागावी, ही जुनी अडचण त्यामुळे कमी झाली.

१९८३ च्या चर्चविधिसंहितेने धर्मग्रामाची व्याख्या प्रदेशावरून नव्हे, तर समुदायावरून केली. भाषा वा राष्ट्रीयत्वाच्या आधारेही धर्मग्राम स्थापता येतो. धर्मगुरूने कुटुंबांस भेटावे, त्यांच्या चिंता व शोकात सहभागी व्हावे, रुग्ण, मरणोन्मुख, दरिद्री व एकाकी यांची विशेष काळजी घ्यावी, असे ती सांगते. योग्य वेळी मागणाऱ्या, तयारी असलेल्या व नियमाने प्रतिबंधित नसलेल्या भाविकास संस्कार नाकारता येत नाही आणि दारिद्र्यामुळे कोणी त्यापासून वंचित राहू नये, अशीही तरतूद आहे. वर्षातून एकदा पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद घेण्याचे १२१५ चे बंधन मुळात कायम आहे. मात्र (गंभीर पापापुरते स्पष्ट केलेल्या) त्या बंधनाशेजारी आता हक्कही उभा आहे.

हक्क मान्य झाला, तरी तो पुरविणारे मनुष्यबळ सर्वत्र नाही. ॲमेझॉन खोऱ्यातील दुर्गम वस्त्यांना महिनोन्‌महिने मिस्सा मिळत नाही, ही गोष्ट २०१९ च्या बिशपसभेत प्रकर्षाने मांडली गेली. युरोपात धर्मगुरूंच्या तुटवड्यामुळे धर्मग्रामांचे एकत्रीकरण होत आहे. २०२० मधील कोविडच्या साथीत चर्चे बंद झाली. दूरचित्रणाद्वारे मिस्सा पाहता आली, परंतु पापक्षमा व अभ्यंग दुरून देता येत नाहीत. म्हणून रोमच्या प्रायश्चित्तविषयक न्यायपीठाने मार्च २०२० मध्ये अपवादात्मक परिस्थितीत सामूहिक पापक्षमा देण्याची शक्यता मान्य केली. रुग्णाच्या उशाशी कोणीतरी प्रत्यक्ष पोहोचले पाहिजे, या साध्या गरजेतून धर्मग्रामाची संस्था वाढली आणि तिचे यशापयशही आजवर याच कसोटीवर ठरत आले आहे.