शंभर वर्षं जुना फ्रिज पुन्हा सुरू होतो, पण त्यातला गॅस न उघडता

पहिल्यांदा फोटो बघणाऱ्याला वाटतं, कपाटावर कुणीतरी मोठा डबा ठेवून दिलाय. चार पायांवर उभं असलेलं पांढरं कपाट आणि त्याच्या डोक्यावर गोल यंत्र. हा फ्रिज आहे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा आणि तो बाजारात आला १९२७ साली. अमेरिकन यादवी युद्धात 'मॉनिटर' नावाची चिलखती युद्धनौका होती, तिच्यावर तोफांचा असाच गोल बुरूज होता. त्यावरून लोकांनी या फ्रिजला नाव पाडलं 'मॉनिटर टॉप'.

अमेरिकेत जुने फ्रिज शोधून ते पुन्हा चालू करण्याचा छंद असलेली मंडळी आहेत आणि हा फ्रिज त्यांचा विशेष लाडका. कारण यातले कित्येक फ्रिज अजूनही मूळ कॉम्प्रेसरवर चालतात.

एवढं टिकायचं कारण काय?

त्याआधीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये मोटर वेगळी आणि कॉम्प्रेसर वेगळा असायचा, मध्ये पट्टा. जिथून फिरता दांडा कॉम्प्रेसरच्या आत जायचा, तिथून गॅस गळायचा. जनरल इलेक्ट्रिकचे इंजिनिअर ख्रिश्चन स्टीनस्ट्रप यांनी मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच पोलादी कवचात बंद केले. तेलही आतच. धूळ नाही, ओलावा नाही, पुन्हा पुन्हा तेल घालायची कटकट नाही. तापणारा भाग डोक्यावर असल्यामुळे गरम हवा आपोआप वर निघून जाते. असे दहा लाखांहून जास्त फ्रिज बनले.

मग अडचण कुठे येते? गॅसमध्ये.

यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये सल्फर डायऑक्साइड भरलेला असतो. नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीला येतो तसा, पण कितीतरी उग्र वास. डोळे, घसा आणि फुफ्फुसांना त्याचा थेट त्रास होतो, कारण ओलाव्याशी संबंध आला की त्याचं आम्ल बनतं. काही मॉडेलमध्ये मिथाइल फॉर्मेट असतो. तो विषारी आहेच, शिवाय पेट घेतो. त्या काळात फ्रिजमधल्या गळतीने माणसं दगावायची. बर्लिनमधल्या एका कुटुंबाचा असाच मृत्यू झाल्याची बातमी वाचून आइनस्टाइन अस्वस्थ झाले, असं सांगतात. त्यांनी लिओ झिलार्ड यांच्यासोबत हलता भाग नसलेल्या फ्रिजची रचना केली आणि १९३० साली तिचं अमेरिकन पेटंटही मिळालं. पण त्याच सुमारास फ्रिऑन आला आणि आइनस्टाइनचा फ्रिज मागे पडला. फ्रिऑन माणसाला फारसा अपायकारक नव्हता. ओझोनच्या थराला होता, हे कळायला अर्धशतक जावं लागलं.

म्हणून जाणकार छांदिष्ट गॅसच्या नळ्यांना हातच लावत नाहीत. मॉनिटर टॉपची रचना इथे मदतीला येते. वरचं यंत्र, नळ्या आणि आतला बर्फाचा कप्पा हे सगळं एकसंध आहे. बोल्ट सोडवले की अख्खं युनिट कपाटातून वर उचलता येतं. वजन भरपूर, त्यामुळे दोघं-तिघं लागतात. पण एकही नळी न कापता रिकामं कपाट रंगवायला मोकळं होतं.

त्याआधी मात्र विजेचं काम. फ्रिज घरी आणला की लगेच प्लग लावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, तो टाळावा लागतो. जुन्या वायरवरचं रबर हात लावताच भुगा होऊन गळतं. मोटरचा करंट बॉडीत उतरत नाही ना, हे मीटरने तपासायचं, अर्थिंग असलेली नवी वायर घालायची आणि फ्रिज आडवा करून आणला असेल तर तेल खाली बसायला एक दिवस उभा ठेवायचा. सल्फर डायऑक्साइडची गळती तपासायची एक जुनी युक्ती आहे. अमोनियात बुडवलेला बोळा नळीजवळ नेला आणि पांढरा धूर दिसला, की तिथे गळती आहे. मग पुढचं काम परवानाधारक तंत्रज्ञाचं.

रंग सगळ्यात शेवटी, जरी फोटोत लाईक त्यालाच मिळत असले तरी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, पॉलिश पेपर ओला करून वापरायचा. आतल्या काचेसारख्या चकचकीत मुलाम्यावर रंग मारणं म्हणजे चांगली वस्तू वाया घालवणं. खायच्या सोड्याने धुतला की तो पुरेसा उजळतो.

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी आहे. गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली ती १९५८ मध्ये. त्यामुळे इथल्या माळ्यावर किंवा गच्चीत सापडणाऱ्या जुन्या फ्रिजमध्ये बहुधा आर-१२, म्हणजे फ्रिऑनच असतो. माँट्रियल करारानुसार भारताने २०१० पर्यंत त्याचा वापर जवळपास बंद केला. हा गॅस हवेत सोडून दुसरा भरला की झालं, असं होत नाही. आर-१३४ए ला वेगळं तेल लागतं आणि आर-६००ए पेट घेतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. जुन्या फ्रिजचं दार खटक्याच्या मुठीने बंद व्हायचं आणि आतून उघडायचं नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपायला गेलेली मुलं गुदमरून मेली. १९५६ साली तिथे कायदा झाला की दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे. आज सर्रास दिसणारी चुंबकाची पट्टी त्यानंतर रुळली. छांदिष्ट मंडळी मूठ शोभेला ठेवतात, पण आतला खटका काढून टाकतात. गच्चीत असा फ्रिज पडून असेल तर तो दुरुस्त व्हायची वाट न बघता आजच त्याचं दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवावं. त्याला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.